टीकेइंटरमध्ये चित्र दिसत नाही: रिकामी चौकट, अर्धवट फोटो आणि 'पायइमेज सापडत नाही'

विंडो उघडते, वरचं शीर्षक बरोबर येतं, बटणं दाबली जातात. फक्त जिथे फोटो हवा तिथे राखाडी मोकळी जागा दिसते. एरर नाही, इशारा नाही. कोड पुन्हा वाचला तरी त्यात चूक सापडत नाही, आणि कालपर्यंत तो चालतही होता. पायथन शिकताना टीकेइंटर, म्हणजे विंडो आणि बटणं बनवायची पायथनची लायब्ररी, वापरून पहिला डेस्कटॉप प्रोग्रॅम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. पुण्यातल्या कॉलेजांत सबमिशनचा आठवडा आला की हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बहुतेक जण तेव्हा फोटोच बदलून पाहतात, पण दोष बहुधा फोटोत नसतो.

सगळी कारणं एकाच उदाहरणावर पाहू. समजा, मानाचे पाच गणपती दाखवणारा छोटा प्रोग्रॅम करायचा आहे. डावीकडे पाच बटणं: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. उजवीकडे एक लेबल, म्हणजे मजकूर किंवा चित्र दाखवणारी चौकट. बटण दाबलं की त्या गणपतीचा फोटो लेबलवर यायचा. प्रोग्रॅमची फाइल एका फोल्डरमध्ये आहे आणि त्याच फोल्डरच्या आत 'चित्रे' नावाच्या फोल्डरमध्ये पाच फोटो आहेत. पायथनमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरायचं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. 'फोटोइमेज' या शब्दात 'पी' आणि 'आय' दोन्ही मोठे असतात, आणि त्यातलं एक जरी लहान राहिलं तरी गाडी पुढे जात नाही.

आधी टर्मिनल उघडा

'एरर येत नाही' असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एरर येत असते, पण ती दिसत नसते. टीकेइंटरमध्ये बटणाच्या फंक्शनमध्ये काही फुटलं तर प्रोग्रॅम बंद पडत नाही. 'एक्सेप्शन इन टीकेइंटर कॉलबॅक' अशी ओळ टर्मिनलमध्ये छापली जाते आणि विंडो पूर्वीसारखी चालू राहते. फाइलवर डबल-क्लिक करून प्रोग्रॅम चालवला असेल तर ती ओळ मागच्या काळ्या विंडोत पडून राहते. फाइलचं एक्स्टेन्शन 'पीवायडब्ल्यू' असेल तर ती काळी विंडोच नसते. म्हणून दुरुस्ती सुरू करण्याआधी कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा, प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथून 'पायथन' लिहून पुढे फाइलचं नाव द्या. मग बटण दाबा आणि टर्मिनलमधली शेवटची ओळ वाचा. एरर लांबलचक असली तरी कामाची ओळ शेवटचीच असते.

टर्मिनल खरोखर कोरं असेल तर विंडोकडे नीट बघा. मोकळी जागा फोटोएवढीच मोठी आहे का? की विंडो आक्रसून बटणांपुरतीच उरली आहे? की फोटोचा एखादा कोपरा तेवढा दिसतोय? या तीन अवस्थांची कारणं वेगळी आहेत. त्यातली पहिली सगळ्यांत जास्त भेटते.

फोटोएवढी रिकामी जागा: फोटो आला होता, पण कुणी धरून ठेवला नाही

जागा फोटोच्या मापाची आहे पण कोरी आहे, याचा अर्थ फाइल सापडली, वाचली गेली आणि लेबलपर्यंत पोचलीसुद्धा. त्यानंतर ती मेमरीतून पुसली गेली.

असं का होतं ते एकदा समजून घेतलं तर पुढची निम्मी दुखणी टळतात. टीकेइंटर हा दोन जगांमधला पूल आहे. एका बाजूला पायथन आहे. दुसऱ्या बाजूला विंडो आणि चित्रं प्रत्यक्ष रंगवणारं टीके आहे, ज्याचा पायथनच्या वस्तूंशी थेट संबंध नाही. तुम्ही 'फोटोइमेज' तयार केली की पायथनमध्ये एक वस्तू बनते आणि टीकेमध्ये 'पायइमेज१' अशा नावाचं चित्र बनतं. लेबलला तुम्ही फोटो देता तेव्हा त्याच्याकडे पोचतं ते फक्त हे नाव. पायथनची वस्तू लेबलने धरलेली नसते.

आता फोटो फंक्शनच्या आत तयार केला असेल तर फंक्शन संपताच आतलं व्हेरिएबल संपतं. त्या वस्तूकडे बोट दाखवणारं पायथनमध्ये कुणी उरत नाही, म्हणून पायथन ती लगेच काढून टाकतो. जाता जाता ती वस्तू टीकेलाही कळवते की 'पायइमेज१' पुसून टाक. टीके पुसतं. लेबलला मापं आठवत असतात, त्यामुळे तेवढी जागा तशीच राहते, पण रंगवायला आत काही नसतं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर घडलेलं असतं, म्हणून एरर येण्याचं कारणच नाही.

हाच कोड फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या मुख्य भागात असताना चालतो, कारण तिथलं व्हेरिएबल प्रोग्रॅम संपेपर्यंत जिवंत असतं. 'सरांनी कोड फंक्शनमध्ये लिहायला सांगितला आणि चित्र गेलं' या तक्रारीचं कारण हेच. सरांचं म्हणणं योग्यच आहे. फंक्शनमध्ये लिहा, फक्त फोटो धरून ठेवायची सोय करा.

सोय दोन-तीन प्रकारे होते. एकच लेबल असेल तर फोटो लेबलला दिल्यावर पुढच्या ओळीत 'लेबल.इमेज = फोटो' लिहायचं. या ओळीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तिने चित्र दिसत नाही. चित्र दाखवण्याचं काम 'लेबल.कॉन्फिगर' मध्ये 'इमेज = फोटो' दिल्याने होतं. 'लेबल.इमेज' ही नुसती खुंटी आहे, फोटो टांगून ठेवण्यासाठी. तिथे 'लेबल.धरून_ठेव' असं नाव दिलं तरी चालेल. दोन्ही ओळी लागतात. फक्त 'कॉन्फिगर' ची लिहिली तर जागा कोरी राहते, फक्त खुंटीची लिहिली तर लेबलवर काहीच बदलत नाही.

प्रोग्रॅम क्लासच्या स्वरूपात असेल तर फोटोला 'सेल्फ.फोटो' म्हणा, विषय संपला. मात्र क्लासची वस्तूही कुणीतरी धरलेली असायला हवी. नुसतं 'अ‍ॅप(रूट)' न लिहिता 'अ‍ॅप१ = अ‍ॅप(रूट)' लिहायची सवय बरी ('रूट' म्हणजे मुख्य विंडो). 'ग्लोबल' वापरूनही काम होतं, पण पाच फोटो असले की पाच ग्लोबल नावं सांभाळावी लागतात. ते करू नका.

पाच गणपतींसाठी सगळ्यांत स्वच्छ मार्ग डिक्शनरीचा. प्रोग्रॅम सुरू होताना, मुख्य विंडो तयार झाल्यानंतर, एक रिकामी डिक्शनरी करा. एका लूपमध्ये पाचही फोटो उघडून नावाप्रमाणे तिच्यात ठेवा. बटण दाबल्यावर फक्त डिक्शनरीतला फोटो लेबलला द्या. फोटो एकदाच वाचले जातात, पुसले जात नाहीत, आणि बटण दाबताच क्षणात बदलतात.

निदानाबद्दल शंका असेल तर खात्री करून घ्या. 'लेबल.सीगेट' ला 'इमेज' हा शब्द देऊन येणारं उत्तर प्रिंट करा, उदाहरणार्थ 'पायइमेज३'. मग 'रूट.इमेज_नेम्स' हे फंक्शन बोलावून यादी प्रिंट करा. लेबल 'पायइमेज३' म्हणतंय आणि यादीत ते नाव नाही, तर फोटो पुसला गेला आहे. यादीत टीकेची स्वतःची काही छोटी चित्रंही असू शकतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

पाचही बटणांवर केसरीवाडा

फोटो दिसायला लागले की पुढची अडचण ठरलेली. लूपमध्ये पाच बटणं केली, प्रत्येकाला 'लॅम्डा', म्हणजे नाव नसलेलं छोटं फंक्शन, लावला, आणि कुठलंही बटण दाबलं तरी केसरीवाड्याचा गणपती येतो.

लॅम्डाच्या आत 'नाव' हे व्हेरिएबल वापरलेलं असतं. लॅम्डा तयार होताना त्याची किंमत टिपून ठेवत नाही, बटण दाबल्यावर वाचतो. तोपर्यंत लूप संपलेलं असतं आणि 'नाव' मध्ये यादीतलं शेवटचं नाव उरलेलं असतं. उपाय एका शब्दाचा आहे: 'लॅम्डा नाव=नाव: दाखव(नाव)'. डावीकडचं 'नाव' हे त्या लॅम्डाचं स्वतःचं, आणि त्याची किंमत बटण तयार होतानाच ठरते.

लूपमधला दुसरा प्रकार दिसायला वेगळा आहे. पाच बटणांऐवजी पाच लेबलांवर पाच फोटो मांडले आणि फक्त शेवटचा दिसला, आधीच्या चार जागा कोऱ्या राहिल्या. इथे लॅम्डाचा संबंध नाही. लूपच्या प्रत्येक फेरीत 'फोटो' या एकाच व्हेरिएबलमध्ये नवा फोटो आला, म्हणून आधीचा सुटला आणि पुसला गेला. शेवटचा तेवढा धरलेला राहिला. यालाही औषध वरचंच, यादी किंवा डिक्शनरी.

आणि एक छोटी चूक: 'कमांड = दाखव(नाव)' असं कंसासकट लिहिलं तर ते फंक्शन बटण तयार होतानाच चालून जातं आणि दाबल्यावर काही होत नाही.

फाइल सापडत नाही

टर्मिनलमध्ये 'कुडन्ट ओपन' आणि शेवटी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' दिसलं तर फोटो पायथनला सापडलेला नाही. 'पण फाइल समोर दिसतेय!' हे खरं असतं. प्रश्न एवढाच की पायथन कुठे उभा राहून शोधतोय.

नुसतं 'चित्रे' आणि पुढे फाइलचं नाव लिहिलं तर पायथन चालू फोल्डरपासून शोध सुरू करतो, आणि चालू फोल्डर म्हणजे प्रोग्रॅमचा फोल्डर असेलच असं नाही. पायथनसोबत येणाऱ्या आयडल या संपादकात एफ५ दाबून चालवलं की प्रोग्रॅमचा फोल्डरच चालू फोल्डर होतो. व्हीएस कोड या संपादकात मात्र तुम्ही जो फोल्डर उघडला असेल तो धरला जातो. म्हणजे वर्षभराचा 'प्रोजेक्ट्स' फोल्डर उघडून त्यातला 'गणपती' प्रोग्रॅम चालवला तर पायथन 'प्रोजेक्ट्स' मध्ये 'चित्रे' शोधतो. आयडलमध्ये चालतं आणि व्हीएस कोडमध्ये नाही, असं असेल तर दुसरं काही तपासायची गरज नाही. 'ओएस.गेटसीडब्ल्यूडी' प्रिंट करा, खुलासा होईल.

पक्का उपाय म्हणजे रस्ता प्रोग्रॅमच्या फाइलपासून मोजायचा. 'पाथलिब' मधून 'पाथ' घ्या. 'पाथ' ला दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर असलेलं 'फाइल' द्या, पुढे 'रिझॉल्व्ह' आणि मग 'पॅरेंट'. हा प्रोग्रॅमचा फोल्डर. त्याला तिरकी रेघ देऊन 'चित्रे' आणि फाइलचं नाव जोडा. टीकेला देताना 'एसटीआर' मध्ये गुंडाळा. ही ओळ फाइलच्या सुरुवातीला एकदा लिहिली की प्रोग्रॅम कुठूनही चालवा. ज्युपिटर नोटबुकमध्ये हे 'फाइल' नाव उपलब्ध नसतं, तिथे नेमएरर येईल. तसाही विंडोवाला प्रोग्रॅम नोटबुकमध्ये न लिहिलेला चांगला.

आता एक गंमतीदार वाटणारं पण तासभर खाणारं लक्षण. फाइलींची नावं रोमन लिपीत आहेत आणि विंडोजच्या सवयीने रस्त्यात उलटी तिरकी रेघ वापरली आहे. कसबा दिसतो, गुरुजी तालीम दिसतो, केसरीवाडा दिसतो. तांबडी जोगेश्वरी आणि तुळशीबाग दिसत नाहीत. पाचही फाइली शेजारी शेजारी आहेत, तरी दोनच सापडत नाहीत. कारण या दोन्ही नावांचं पहिलं अक्षर 'टी' आहे. पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये उलटी रेघ आणि लहान 'टी' मिळून टॅब होतो, तसंच लहान 'एन' आला तर नवी ओळ. 'के' आणि 'जी' ला असा अर्थ नसल्यामुळे बाकीचे तीन निभावून जातात. पायथन ३.१२ पासून अशा निभावलेल्या जागी इशारा छापला जातो, तो वाचून सोडून देऊ नका. रस्ता 'सी' ड्राइव्हच्या 'यूजर्स' फोल्डरपासून लिहिला असेल तर मोठ्या 'यू' मुळे प्रोग्रॅम सुरूच होत नाही, 'युनिकोड एरर' म्हणून सिंटॅक्सएरर येते. स्ट्रिंगच्या आधी 'आर' अक्षर लावा किंवा सरळ तिरकी रेघ वापरा. विंडोजलाही सरळ रेघ चालते.

फाइलींची नावं मराठीत ठेवली तर चालतात. पण ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. फोल्डरमध्ये 'गुरूजी' आणि कोडमध्ये 'गुरुजी' असेल तर डोळ्याला फरक पटकन दिसत नाही, पायथनला मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. 'ऱ' असलेल्या नावात आणखी एक मेख आहे. हे अक्षर एका कोडने लिहिता येतं, तसंच 'र' आणि नुक्ता जोडूनही. दोन कीबोर्डांनी लिहिलेलं एकच नाव म्हणून जुळत नाही. नावं हाताने टाइप करण्यापेक्षा फाइलचं नाव निवडून कॉपी-पेस्ट करणं सुरक्षित. लिनक्सवर मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं, त्यामुळे घरच्या विंडोजवर चाललेला प्रोग्रॅम लॅबच्या उबुंटूवर अडतो तो बऱ्याचदा एका मोठ्या अक्षरामुळे.

फाइल सापडते, पण ओळखू येत नाही

'कुडन्ट रेकग्नाइज डेटा इन इमेज फाइल'. ही एरर आली की जवळपास नेहमीच फोटो जेपीईजी असतो. टीकेइंटरच्या स्वतःच्या 'फोटोइमेज' ला जीआयएफ, पीपीएम, पीजीएम आणि पीएनजी वाचता येतं. पीएनजीसुद्धा टीके ८.६ पासून, म्हणजे २०१२ च्या अखेरीपासून. जेपीईजी वाचता येत नाही. फोनचा कॅमेरा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो बहुधा जेपीईजी असतात, त्यामुळे इथे सगळेच अडखळतात.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे फाइलचं नाव बदलून शेवटी 'पीएनजी' लिहिणं. त्याने काही होत नाही. नाव बदललं तरी आतला मजकूर तोच राहतो, आणि टीके आतला मजकूर बघतं. तपासायचं असेल तर फाइल 'आरबी' पद्धतीने उघडून पहिले ४ बाइट 'लिस्ट' मध्ये घालून प्रिंट करा. १३७, ८०, ७८, ७१ आले तर पीएनजी. २५५, २१६, २५५ ने सुरुवात झाली तर जेपीईजी, नाव काहीही असो. ८२, ७३, ७०, ७० आले तर ब्राउझरमधून उतरवलेला वेबपी असण्याची दाट शक्यता. विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्यामुळे नाव बदलताना शेवटी दोन-दोन एक्स्टेन्शन लागलेली फाइलही तयार होते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू', मग 'शो' मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा. हे एकदाच करायचं आहे, आणि प्रत्येक शिकणाऱ्याने करावंच.

जेपीईजीसाठी पिलो ही चित्रं हाताळणारी लायब्ररी घ्या. टर्मिनलमध्ये 'पायथन -एम पिप इन्स्टॉल पिलो' असं लिहा, नुसतं 'पिप इन्स्टॉल' नको. संगणकावर दोन पायथन असतील तर नुसता पिप एकात टाकतो आणि प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालतो, मग 'नो मॉड्यूल नेम्ड पीआयएल' येतं. इन्स्टॉल करताना नाव पिलो, कोडमध्ये आणताना पीआयएल. हे जुन्या लायब्ररीचं नाव पुढे चालू राहिलेलं आहे. उबुंटूवर पायथनसोबतच्या पॅकेजांमधून पिलो घेतलं असेल तर 'इमेजटीके' चं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर पिलो असूनही 'इमेजटीके' मिळत नाही.

मग 'इमेज.ओपन' ने फाइल उघडायची, आकार लहान करायचा, 'इमेजटीके.फोटोइमेज' मध्ये घालायची आणि ती लेबलला द्यायची. धरून ठेवायचा नियम इथेही तसाच लागू आहे. पिलो वापरलं म्हणजे तो प्रश्न सुटला, असं समजू नका.

पिलोच्या वाटेवरचे तीन-चार खड्डे सांगायलाच हवेत. पहिला: 'टाइप ऑब्जेक्ट इमेज हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट ओपन'. पिलोमधून 'इमेज' आणल्यानंतर खाली 'फ्रॉम टीकेइंटर इम्पोर्ट' आणि चांदणी लिहिली की टीकेइंटरची स्वतःची 'इमेज' पिलोच्या 'इमेज' वर बसते. ओळींचा क्रम उलटा केला तर तात्पुरतं चालेल. खरं म्हणजे चांदणी सोडा, 'इम्पोर्ट टीकेइंटर अ‍ॅज टीके' लिहा आणि प्रत्येक नावाआधी 'टीके' लावा.

दुसरा: 'थंबनेल' आणि 'रीसाइज' यांची गल्लत. 'थंबनेल' आहे त्याच चित्राचा आकार बदलतं आणि परत काहीच देत नाही. 'चित्र = चित्र.थंबनेल' लिहिलं की 'चित्र' मध्ये 'नन' उरतं. ते नुसतं बोलवायचं, बरोबरचं चिन्ह न लावता. 'रीसाइज' उलट नवं चित्र परत देतं, ते पकडावं लागतं. थंबनेलचा फायदा असा की ते प्रमाण सांभाळतं: ४००० बाय ३००० चा फोटो ६०० बाय ६०० च्या चौकटीत बसवला तर ६०० बाय ४५० होतो. रीसाइजला ६०० बाय ६०० सांगितलं तर ते तेवढंच करतं, आणि बाप्पाची मूर्ती उभी ताणली जाते.

तिसरा: जुन्या पुस्तकांतला 'अँटीअलायस'. तो पिलोच्या १० व्या आवृत्तीतून, म्हणजे जुलै २०२३ पासून, काढून टाकला आहे. त्याजागी 'लँक्झॉस' लिहा, बाकी ओळ तशीच राहू द्या.

आणि फोनवर उभा काढलेला फोटो विंडोत आडवा पडला तर तो कॅमेऱ्याच्या नोंदीमुळे. फोन बऱ्याचदा चित्र आडवंच साठवतो आणि 'हे फिरवून दाखवा' अशी टीप लिहितो. पिलो ती टीप आपणहून पाळत नाही. 'इमेजऑप्स' मधलं 'एक्झिफ_ट्रान्सपोज' आकार बदलण्याआधी लावा. आयफोनचे एचईआयसी फोटो असतील तर फोनमधूनच जेपीईजी करून घेणं सोपं पडतं.

'पायइमेज१ डझन्ट एक्झिस्ट'

फोटो बनला, जिवंत आहे, तरी टीके म्हणतं असं काही नाहीच. इथे बघायचं ते एकच: प्रोग्रॅममध्ये मुख्य विंडो बनवणारं 'टीके()' किती वेळा आलं आहे? लॉगिनची विंडो आणि नंतर मुख्य विंडो, असं प्रोजेक्टांत असतंच, आणि दोन्ही 'टीके()' ने केलेल्या असतात. प्रत्येक 'टीके()' म्हणजे टीकेची स्वतंत्र दुनिया, एकीतलं चित्र दुसरीला माहीत नसतं. कुठलीच सूचना न देता बनवलेला फोटो पहिल्या विंडोकडे जातो आणि तुम्ही तो दुसरीत लावायला जाता. 'टीके()' पूर्ण प्रोग्रॅममध्ये एकदाच असू द्या, बाकीच्या विंडो 'टॉपलेव्हल' ने करा. लॉगिन होईपर्यंत मुख्य विंडो 'विथड्रॉ' ने लपवता येते आणि नंतर 'डीआयकॉनिफाय' ने पुढे आणता येते.

स्पायडर या संपादकात हीच एरर दुसऱ्यांदा चालवताना येते आणि प्रत्येक वेळी पायइमेजचा आकडा वाढत जातो. मागच्या वेळची विंडो त्याच कर्नलमध्ये, म्हणजे मागे चालू राहिलेल्या पायथनमध्ये, अर्धवट जिवंत असते. कर्नल रीस्टार्ट करा, किंवा प्रोग्रॅम बाहेरच्या टर्मिनलमध्ये चालवा.

'टू अर्ली टू क्रिएट इमेज' ही एरर याच्या उलट आहे. 'टीके()' च्या आधीच फोटो बनवायला घेतला. ओळ खाली न्या.

इवलासा तुकडा, किंवा फक्त एक कोपरा

लेबलला रुंदी २० आणि उंची १० दिली होती. मजकूर होता तोवर छान मोठी चौकट दिसत होती, फोटो लावला आणि नखाएवढा तुकडा उरला. लेबलवर मजकूर असताना हे आकडे अक्षरांत आणि ओळींत मोजले जातात, चित्र असताना पिक्सेलमध्ये. २० बाय १० पिक्सेल म्हणजे काहीच नाही. रुंदी-उंची काढून टाका, लेबल फोटोच्या मापाचं होईल.

कॅनव्हासवर (चित्रं ठेवायच्या फलकावर) शून्य-शून्य जागी चित्र ठेवलं आणि त्याचा फक्त खालचा उजवा चतकोर दिसला, तर 'अँकर' विसरला आहे. कॅनव्हास तुम्ही दिलेल्या बिंदूवर चित्राचा मध्य ठेवतो, म्हणून बाकीचा भाग डावीकडे आणि वर कॅनव्हासबाहेर जातो. 'अँकर' ला 'एनडब्ल्यू' द्या, म्हणजे वायव्येचा कोपरा त्या बिंदूवर बसेल.

'नन टाइप ऑब्जेक्ट हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट कॉन्फिगर' आलं तर लेबल तयार करण्याच्याच ओळीत शेवटी '.पॅक()' लावलेलं असणार. 'पॅक' काहीच परत देत नाही, म्हणून तुमच्या व्हेरिएबलमध्ये लेबल आलंच नाही. लेबल एका ओळीत, पॅक पुढच्या ओळीत.

विंडो अडकते, संगणक मंदावतो

फोनचा ४००० बाय ३००० चा फोटो डिस्कवर चार-पाच एमबी असेल, पण दाखवण्यासाठी उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात: ४ कोटी ८० लाख बाइट. पाच गणपतींचे मिळून २४ कोटी, आणि पिलोची स्वतःची प्रत वेगळी. हेच फोटो ६०० बाय ४५० करून ठेवले तर एकेकाला जेमतेम ११ लाख बाइट पुरतात. आधी लहान करा, मग 'इमेजटीके' ला द्या. पिलो न वापरता पीएनजी लहान करायचं असेल तर 'सबसॅम्पल' आहे, पण ते पूर्ण आकड्यांनीच भागतं. ४ दिले तर १००० बाय ७५०. हे चित्र थोडं खरबरीत दिसतं.

दर ३ सेकंदांनी फोटो बदलायचा असेल तर 'टाइम.स्लीप' वापरू नका. झोपेच्या काळात टीकेला रंगवायला वेळच मिळत नाही, त्यामुळे विंडो गोठते आणि शेवटचाच फोटो दिसतो. 'रूट.आफ्टर' ला ३००० आणि फंक्शनचं नाव द्या, कंस न लावता, आणि त्या फंक्शनच्या शेवटी पुन्हा तीच ओळ लिहा.

दुसऱ्या संगणकावर नेताना

लॅबमध्ये दाखवायचं असेल तर पेनड्राइव्हवर पूर्ण फोल्डर न्या, 'चित्रे' सकट. ईएक्सई (पायथन नसलेल्या संगणकावरही चालणारी फाइल) करायचं असेल तर ती बनवणारा पायइन्स्टॉलर फोटो आपणहून सोबत घेत नाही, त्याला '--अ‍ॅड-डेटा' ने 'चित्रे' फोल्डर सांगावा लागतो. कोडमधला रस्ता प्रोग्रॅमच्या फाइलपासून मोजलेला असेल तर तो ईएक्सईतही लागू पडतो. चालू फोल्डरवर विसंबलेला रस्ता नेमका इथे मोडतो. 'वनफाइल', म्हणजे सगळं एकाच फाइलीत, केलं असेल तर फोटो दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडले जातात आणि प्रोग्रॅम बंद होताच जातात, म्हणून वापरणाऱ्याने निवडलेले नवे फोटो तिथे साठवू नका. आणि पहिल्यांदा काळ्या विंडोसकटच ईएक्सई बनवा. '--विंडोड' लावलं की एरर दिसण्याची ती एकमेव जागाही जाते. दुसऱ्या संगणकावर पाचही बटणं दाबून पाचही फोटो आले की मग ते लावून शेवटची प्रत काढा.